गॅरेज १० बाय १६, त्यात कार, स्कूटी अन् हत्यारांचा ढीग. बजेट ४०००. काय करावं?

परभणीकर: नमस्कार मंडळी. गॅरेज आतून १० फूट रुंद, १६ फूट खोल. वर स्लॅब, शटर पश्चिमेला. छोटी कार डाव्या भिंतीला चिकटून, समोरच्या भिंतीशी आडवी स्कूटी. सामान: पान्यांचे दोन सेट, ड्रिल, चार इंची ग्राइंडर, बॅटरीवरचा स्क्रू ड्रायव्हर, करवत, हातोडे. शेताकडचं वेगळंच: पहार, टिकाव, फावडी, फवारणी पंप. कोपऱ्यात खताची दोन पोती अन् इन्व्हर्टरची बॅटरी. पावसाळ्यात शटरखालून पाणी येतं. पोरगं सहा वर्षांचं आहे. लोखंडी कपाट घ्यावं का रॅक? ४००० च्या वर जायचं नाही.

लातूरचा_सुतार: कपाट नको. हिशोब बघा. कार ५ फूट ४ इंच, डावीकडं अर्धा फूट सोडला की उजवीकडं राहिले चार फूट. त्यातले अडीच ड्रायव्हरच्या दाराला. समोर स्कूटीमागं राहतो जेमतेम दीड फूट. कपाटच दीड फूट खोल, दार उघडणार कुठं?
उजव्या भिंतीवर प्लायचा बोर्ड करा. १२ एमएमची ४ बाय ४ ची अर्धी शीट, वजन साधारण १०-११ किलो. आधी भिंतीवर २५ एमएम जाडीच्या तीन आडव्या पट्ट्या, मग त्यावर प्लाय. मागं फट राहिली की ओल धरत नाही आणि हुकाला आरपार जागा मिळते. ८ एमएमची गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी), ७५ एमएमचा स्क्रू. भोक पाडताना भुकटी बघत जा: आधी करडी म्हणजे प्लास्टर, मग लाल आली की वीट लागली. लाल येतच नसेल तर तुम्ही सांध्यात शिरलाय, दोन इंच सरका. गिट्टी प्लास्टरच्या आत, विटेत गेली पाहिजे. नुसत्या प्लास्टरवर बोर्ड लटकवला तर पान्यांच्या वजनानं पोपडा घेऊनच खाली येतो.

वाळूज_फिटर: आपल्याकडच्या भट्टीच्या विटा बऱ्याचदा मऊ असतात. ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी सोय, बंद ठेवून सुरुवात करा, नाहीतर ८ चं भोक १० चं होतं. झालंच मोठं तर काडेपेटीच्या काड्या कोंबू नका, सरळ १० ची गिट्टी बसवा. बाकी प्लाय-बिय सोडा, एकदाच ड्रॉवरवाली ट्रॉली घ्या, बॉल बेअरिंगची. वीस हजारांत मस्त येते, आमच्याकडं आहे, बोटानं ड्रॉवर सरकतो.

परभणीकर: दादा, बजेट ४०००.

वाळूज_फिटर: थोडं थांबून घ्या की. स्वस्ताचं दोनदा घ्यावं लागतं.

बीडचा_रावसाहेब: ट्रॉली कशाला? तेलाचे १५ किलोचे रिकामे डबे घ्या, एक बाजू कापा, कडा आत वळवून पक्कडीनं दाबा, नाहीतर हात कापतो. आडवे रचले की झाले खण. प्रत्येकावर रंगानं लिहा: नट-बोल्ट, खिळे, वॉशर. फुकटात काम. आणि हत्यारांना गंज नको असेल तर करडईचं तेल चोपडा.

नांदेडी_मेकॅनिक: करडईचं तेल अजिबात नको. ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं, त्यावर धूळ बसते, पाना हातात घेतला की चिकचिक. मशीनचं तेल किंवा पातळ ग्रीस. स्प्रेवालं तेल रोजच्या वापराला ठीक, पण पावसाळाभर पडून राहणाऱ्या पहारीवर ते टिकत नाही, तिला ग्रीसच.

बीडचा_रावसाहेब: आमच्या विळ्या-खुरप्यांना पिढ्यान्‌पिढ्या करडईच लागायलंय.

नांदेडी_मेकॅनिक: विळा रोज घासला जातो हो, पापुद्रा राहतोच कुठं. पेटीत सहा महिने पडलेल्या पान्याचं सांगायलोय. आणि खरं गंजाचं मूळ त्या पोत्यांत आहे. युरिया हवेतलं पाणी ओढतो, पोटॅश तर क्लोराइडच. खत आणि लोखंड एका खोलीत ठेवलं तर कुठलंच तेल पुरणार नाही. इन्व्हर्टरची बॅटरीही हलवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. शेजारी ग्राइंडर चालवला तर ठिणगी तिकडंच जाणार.

लातूरचा_सुतार: लाकडी दांड्यांना जवसाचं तेल चांगलं, दांडा फुटत नाही. मात्र पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेटतात. उन्हात एकेक पसरून वाळवायच्या, मग फेकायच्या.

गोदाकाठ: वरचे सगळे बरोबर आहेत, प्लायच लावा. भिंतीवर आडवा प्लाय अन् हुक.

वाळूज_फिटर: ते दोनदा सांगून झालंय साहेब.

किल्लारी_रस्ता: रॅक घ्या नाहीतर कपाट, जड सामान खाली. पहार, हातोडे, व्हाइस कमरेखाली. उंच काही उभं केलं तर वरून भिंतीला एल-पट्टीनं बांधा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरायला नको.

बीडचा_रावसाहेब: पान्याचा धागा आहे, भूकंपाचा नाही.

किल्लारी_रस्ता: भूकंप सोडा. पोरगं खणाला पाय देऊन चढलं तरी कपाट पुढंच येतं.

उस्मानपुरा_इलेक्ट्रिक: दोन गोष्टी कुणीच सांगितल्या नाहीत. पहिली, पश्चिमेचं शटर आणि एप्रिल-मेचं ऊन. स्क्रू ड्रायव्हरची लिथियम बॅटरी गॅरेजात ठेवू नका, घरात ठेवा, निम्मी चार्ज करून. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही. दुसरं, ग्राइंडरच्या चकत्या. मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघा. सपाट आणि कोरड्या ठेवायच्या, ओल लागलेली चकती फिरताना फुटते. वायर मशीनला आवळून गुंडाळू नका, मुठीपाशी आतून तुटते. सैल वेटोळं करून वेगळ्या हुकाला.

गोदाकाठ: हातमोजे अन् बूट घालण्याआधी झटका. विंचू तिथंच बसायलेत. घमेलं उपडं ठेवायचं असलं तर भिंतीला टांगून.

लातूरचा_सुतार: बोर्ड झाला की प्रत्येक हत्याराची कड मार्करनं आखा. संध्याकाळी रिकामी आकृती दिसली की शेजारी गेलेला पाना आठवतो. पोराच्या हाताला लागू नये म्हणून करवत, छिन्नी, ग्राइंडर पाच फुटांच्या वर.

नांदेडी_मेकॅनिक: फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात, मूळ डब्यातच. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. पंप तीनदा धुऊन उलटा टांगा.

परभणीकर: सगळ्यांचे आभार. शेवटी जुनं लोखंडी कपाटच घेतलं, ३२०० ला, कुलूप चालतं. घरच्यांचं म्हणणं एकच होतं, पोरासाठी दार बंद पाहिजे. स्कूटी जिन्याखाली गेली, त्यामुळं दारं पूर्ण उघडतात. खत शेतावर नेलं. इन्व्हर्टरची बॅटरी अजून तिथंच आहे, इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा.

वाळूज_फिटर: मग विचारलं कशाला?

लातूरचा_सुतार: घेतलंच तर पायांखाली विटा द्या, सहा इंच उंच, पाणी येतं म्हणालात. वरून दोन गिट्ट्या मारून एल-पट्टी. तळाशी पत्रा गंजला असेल तर आत प्लायचा तुकडा टाका. पहारीचं काय केलं?

परभणीकर: पहार कपाटात बसंना. कोपऱ्यात उभी आहे.

बीडचा_रावसाहेब: करडई लावून ठेवा.