म्युझिक शिकायला युरोपात गेलेल्यांनो, शहरं कशी ऐकलीत?

आमची सेमिस्टरची ट्रिप परवा संपली, मोबाईलमधे फोटो ढिगानी आहेत पण डोक्यात राहिलेत ते आवाजच, म्हणून हा धागा. क्लासमधलं नको, भटकताना कानाला काय मिळालं ते लिहा. सुरुवात मीच करते.

लाइपझिगचं थोमास चर्च, संगीतकार बाख १७२३ पासून १७५० मधे वारेपर्यंत जिथे कँटर, म्हणजे चर्चच्या संगीताचा प्रमुख होता. शुक्रवारी संध्याकाळी मोटेट (कॉयरनी, म्हणजे गायकवृंदानी गायची धार्मिक रचना) ऐकायला गेलो. मी आपली समोर बघत बसलेय की कॉयर कधी येतोय, आणि गाणं सुरू झालं ते पाठीमागून, वरच्या गॅलरीतून! मागे वळून बघायचीही लाज वाटली, कुणीच वळत नव्हतं. पण गाणारे दिसत नसले की कान आपोआप अल्टो वेगळा, टेनर वेगळा, असा एकेक आवाज धरायला लागतो हो.

---

भारी धागा. व्हिएन्ना, स्टाट्सऑपर हे ऑपेरा हाउस, उभं राहून बघायचं तिकीट. आत गेलं की रेलिंगला स्कार्फ बांधायचा, मग ती जागा तुमची. माझ्याकडे स्कार्फ नव्हता म्हणून बुटाची नाडी काढून बांधली. शेजारचे आजोबा स्कोअर (सगळ्या वाद्यांची स्वरलिपी) घेऊन आलेले, अंधारात पानं उलटत होते आणि मधेच बोट ठेवून दाखवायचे की आता हॉर्न ऐक. ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे कुठल्या वाद्याला काय द्यायचं ते, मला त्या रात्री जेवढं समजलं तेवढं वर्षभर समजलं नव्हतं. पाय मात्र गेले कामातून.

---

चेलोवाल्यांनो, प्रागचे दगडी रस्ते आणि चाकाची केस हे जमत नाही, पाठीवरच घ्या. १७८७ मधे मोझार्टचा ऑपेरा 'डॉन जोव्हानी' पहिल्यांदा झाला ते एस्टेट्स थिएटर आतून केवढंसं आहे! रेकॉर्डिंग ऐकून मी उगाच अवाढव्य काहीतरी धरून चाललो होतो. आता वाजवताना आवाज आपोआप आवरतो.

---

मी पियानो. पॅरिसला पेर लाशेझ दफनभूमीत संगीतकार शोपँची कबर बघितली, मग महिन्याभरानी वॉर्सॉला होली क्रॉस चर्चमधला तो खांब, ज्यात त्याचं हृदय ठेवलंय. खांबासमोर काय करायचं कळेना, नुसती उभी राहिले. बाहेर शोपँचे बाक आहेत, बटण दाबलं की थोडंसं वाजतं. मैत्रिणीनी दाबलं आणि आम्ही लगेच पेडल जास्त झालंय म्हणून भांडायला लागलो.

---

व्हिएन्नाबद्दल अजून एक, व्हायोलिनवाल्यांसाठी. तिथे ऑर्केस्ट्राचा 'ए', म्हणजे ज्याला सगळे वाद्यं जुळवतात तो सूर, ४४३ हर्ट्झच्या आसपास असतो. ४४० ची सवय असलेली मी पहिल्याच रिहर्सलला सगळ्यांच्या खाली वाजत होते आणि शेजारी खुर्ची सरकवून बसला.

---

नाडीवाले, जागा राहिली का शेवटी?

---

राहिली. पण गाठ सुटेना, म्हणून नाडी तिथेच सोडली आणि होस्टेलपर्यंत बूट चपलेसारखा फरपटत गेलो.