मदत हवी आहे: रेडमाइनमध्ये एकच ड्रॉइंग बऱ्याच टास्कवर कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी, आमचं स्ट्रक्चरल डिझाइनचं छोटं ऑफिस आहे पुण्यात, साइट तळेगावला, आणि सगळी कामं रेडमाइनवर (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) टाकतो कारण फुकट आहे आणि आपल्याच सर्व्हरवर चालतं. अडचण अशी की पहिल्या मजल्याच्या बीमची पीडीएफ एकच, पण ती लागते सगळ्यांना, शटरिंगच्या टास्कवर पण, सळईच्या पण, प्लंबिंगच्या पण, आणि जो तो ती आपापल्या टास्कवर परत अपलोड करतो. मग आर-२ (ड्रॉइंगची नवी रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्ती) आलं की कुठे नवीन चढलंय आणि कुठे अजून आर-१ च आहे ते कोणालाच सांगता येत नाही. मध्यंतरी फिटरने एका बीमच्या सळया जुन्या ड्रॉइंगवरून बांधल्या. काँक्रीट पडायच्या आधी चेकिंगमध्ये सापडलं म्हणून निभावलं, पण बीममध्ये सळई कमी पडणं म्हणजे उद्या तिथे राहणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे हे मला परत होऊ द्यायचं नाहीये.

डिस्क्रिप्शनमध्ये अटॅचमेंट, पुढे कोलन आणि फाइलचं नाव असं लिहून बघितलं, पण त्याने फक्त त्याच टास्कवरच्या फाइलची लिंक होते, दुसऱ्या टास्कवरची नाही. पूर्ण यूआरएल चिकटवली तर उघडतं, पण त्यात त्या फाइलचा नंबर असतो, नवी रिव्हिजन चढवली की तिला वेगळा नंबर मिळतो आणि आधीची लिंक आर-१ वरच राहते. जुनी फाइल डिलीट करायची सोय नाही, कारण बिलाच्या वेळी कुठली रिव्हिजन कधी दिली ते दाखवावं लागतं.

फाइल एकाच जागी, टास्कवर नुसता उल्लेख, आणि हे ड्रॉइंग कुठल्या कुठल्या टास्कवर लागतंय ते उलटं पण दिसेल, असं काही जमतं का? प्लगइन शक्यतो नको.

प्रतिसाद:
प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये डॉक्युमेंट्स मॉड्यूल चालू करा. एका ड्रॉइंगला एक डॉक्युमेंट, सगळ्या रिव्हिजन त्यातच. टास्कमध्ये इंग्रजीत डॉक्युमेंट लिहून लगेच हॅश (#) आणि त्या डॉक्युमेंटचा नंबर टाकला, मध्ये स्पेस न देता, की लिंक होते, आणि फाइल बदलली तरी हा नंबर बदलत नाही. सुपरवायझरच्या रोलला डॉक्युमेंट बघायची परमिशन द्यायला विसरू नका.

प्रतिसाद:
वरचं बरोबर आहे, पण उलटं बघायचं असेल तर त्यात सर्च मारत बसावं लागेल. मी म्हणेन ड्रॉइंग नावाचा वेगळा ट्रॅकर, म्हणजे टास्कचा प्रकार, करा, प्रत्येक ड्रॉइंग म्हणजे एक टास्क, फाइली सगळ्या तिथेच, आणि शटरिंग, सळई वगैरे टास्क त्याला रिलेटेड म्हणून जोडा. हे नातं दोन्ही बाजूंना दिसतं. आणि महत्त्वाचं म्हणजे चालू रिव्हिजन त्या ड्रॉइंगच्या सब्जेक्टमध्येच लिहा, सब्जेक्ट एकदा आर-३ केला की जोडलेल्या प्रत्येक टास्कच्या रिलेटेड यादीत आर-३ च दिसतं, कोणाला काही अपलोड करावं लागत नाही. साइटवरच्या लोकांना त्या ड्रॉइंगच्या टास्कचे वॉचर (बदल कळवायच्या यादीतली माणसं) करा, नवी फाइल पडली की मेल जाईल. पीडीएफ मोठ्या असतील तर अ‍ॅडमिनला फाइलची मर्यादा वाढवायला सांगा, मुळात ती ५ एमबीच असते.

धागाकर्ता:
सब्जेक्टचं हे डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! फक्त आमचं डिझाइनचं आणि साइटचं प्रोजेक्ट वेगवेगळं आहे, तरी जोडता येईल का?

प्रतिसाद:
येईल, अ‍ॅडमिनच्या सेटिंग्जमध्ये टास्क ट्रॅकिंगच्या पानावर वेगवेगळ्या प्रोजेक्टमधली नाती चालू करायचा एक पर्याय आहे, तो टिक करा. मात्र डिझाइनचं प्रोजेक्ट पब्लिक नसेल तर साइटवाल्यांना त्यात मेंबर म्हणून घ्या, नाहीतर त्यांना रिलेटेड यादीतली ती ड्रॉइंगची ओळ दिसणारच नाही.