व्हीबीस्क्रिप्ट जातंय तर पेढे कसले वाटताय?

कळफलक
काल ठाणे स्लो यांनी लिहिलं की विंडोजमधून व्हीबीस्क्रिप्ट, म्हणजे आतच मिळणारी छोटे प्रोग्रॅम लिहायची भाषा, काढतायत ते झकास झालं, घाण गेली, ऑपरेटिंग सिस्टिमने भाषा पुरवायच्याच कशाला, ज्याला पायथन हवं तो टाकून घेईल. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो पण डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

टाकून घेईल! कुठे टाकून घेईल हो? मी एका पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत हिशेब बघतो. ३८ शाखा, रोज संध्याकाळी ३८ एक्सेल फायली. पूर्वी दोघं जण साडेआठपर्यंत कॉपी-पेस्ट करत बसायचे. २०११ मधे मी नोटपॅडमधे एक व्हीबीएस (व्हीबीस्क्रिप्टची) फाईल लिहिली, डबल क्लिक केलं की एकेक फाईल उघडते, अखेरची शिल्लक उचलते, एका शीटमधे मांडते आणि ज्या शाखेची फाईल आली नाही तिचं नाव लाल करते. चार मिनिटं, चहासुद्धा गार होत नाही. आमच्या मशीनवर काही टाकायचा हक्क नाही, पेन ड्राईव्ह पण चालत नाही. पायथनसाठी अर्ज दिला होता, 'कारण स्पष्ट करावे' असा शेरा मारून परत आला. मशीनसोबत जे येतं तेवढंच आमचं. विंडोजच्या आधीच्या डॉससोबत क्यूबेसिक ही भाषा आली होती म्हणून शाळेत प्रोग्रॅमिंग शिकलो, नाहीतर आमच्या गावात ते कोण विकत आणून देणार होतं?

ठाणे स्लो
चहा गार होत नाही वगैरे छान आहे, पण मला रविवारी रात्री ११ वाजता उठवतात ते तुम्हाला कुठे दिसतं. अकाउंट्समधल्या कुणीतरी 'इन्व्हॉइस' म्हणून आलेली झिप उघडलेली असते, आत स्क्रिप्ट, ती मुकाट चालते, सोमवारी सगळ्या फायली कुलूपबंद. २००० साली मे महिन्यात आयलव्हयू व्हायरस आला तो व्हीबीस्क्रिप्टच होता. फाईलच्या नावात आधी टीएक्सटी, मग व्हीबीएस, आणि विंडोज शेवटचं शेपूट लपवतं, त्यामुळे लोकांना वाटलं साधं पत्र आहे. पंचवीस वर्षं झाली, तीच युक्ती अजून चालते. जे तुम्हाला परवानगीशिवाय चालवता येतं ते चोरालाही परवानगीशिवायच चालवता येतं.

आणि रातोरात काढत नाहीयेत. ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ऐच्छिक केलं पण चालू ठेवलंय, २०२७ च्या आसपास बंद अवस्थेत येईल, पूर्ण जाईल ते त्याच्याही नंतर. पॉवरशेल ही नवी स्क्रिप्टची भाषा तर विंडोज ७ पासून आतच आहे, ते शिका.

कळफलक
शिकलो की. पॉवरशेलची फाईल डबल क्लिक केली की नोटपॅड उघडतं. साहेब म्हणाले, "हे काय, वाचायला दिलंय का?"

ठाणे स्लो
अहो तेच तर हवंय! डबल क्लिकने चालू नये म्हणूनच तसं केलंय. स्क्रिप्ट चालवायची पॉलिसी स्वतःपुरती बदलायला अ‍ॅडमिन लागत नाही.

कळफलक
ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सगळ्या कचेरीला लावलेल्या नियमाने, कुलूप घातलंय. तुमच्यासारख्याच कुणीतरी.

भिजकी वही
पॉवरशेलचं नाव काढलंत म्हणून मधे पडते. मी मुद्रितशोधनाची कामं करते, लेखकांच्या फायली 'प्रकरण १ सुधारित अंतिम खरंच अंतिम' अशा नावाने येतात. २१० फायलींची नावं बदलायला भाच्याने आठ ओळींची स्क्रिप्ट करून दिली, मी नोटपॅडमधे मराठी शब्द घातले, सेव्ह केलं, चालवली. सगळ्या फायलींच्या नावात डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि बरोबर कसलीतरी चिन्हं. दोन तास रडायची बाकी होते. भाषा आत आहे म्हणता, पण मराठी माणसासाठी आहे का ती?

आंबट वरण
ताई, हे यूटीएफ-८ चं, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीचं दुखणं. २०१९ पासून नोटपॅड आपणहून बॉमशिवायचं (बॉम म्हणजे अक्षरं कशी साठवलीत ते सांगणारी फाईलच्या सुरुवातीची खूण) यूटीएफ-८ सेव्ह करतं, आणि त्याच विंडोजमधलं पॉवरशेल ५.१ बॉम नसलेली फाईल जुन्या एन्सी कोडपेजमधे, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या तक्त्याप्रमाणे वाचतं. म्हणजे एकाच घरातले दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. सेव्ह अ‍ॅजमधे खाली 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडा, सुटेल. पॉवरशेल ७ मधे ही भानगड नाही, पण ते विंडोजबरोबर येत नाही, वेगळं टाकावं लागतं, म्हणजे कळफलक साहेब परत अर्ज करायला मोकळे.

कळफलक
आणि व्हीबीएस फाईल मराठीसकट चालवायची तर यूटीएफ-१६ मधे ठेवायची, जुन्या नोटपॅडमधे त्याला नुसतं 'युनिकोड' म्हणायचे. यूटीएफ-८ दिलं की पहिल्याच ओळीवर बोंबलायचं. हे कळायला मला एक अख्खा गणपती गेला.

पेन्सिलटोक
मराठीचं निघालंच आहे तर एक गंमत. आमच्याकडे एक जण आकडे देवनागरीत टाकायचा, '१२' असं. पायथन त्याचा निमूटपणे बारा करून देतं, काही सांगावं लागत नाही. पॉवरशेलमधे पॅटर्न लावून विचारलं की हा अंक आहे का, तर म्हणतं हो आहे, मग त्याचा पूर्णांक करायला गेलं की म्हणतं छे, हा कुठला आकडा. व्हीबीस्क्रिप्टच्या पॅटर्नला तर तो अंक वाटतच नाही. आता सांगा कुठली भाषा आत हवी!

भिजकी वही
आणि ते पॉवरशेलच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं तुटतात त्याचं काय? 'प्रस्तावना' लिहिलं की पाय मोडलेली अक्षरं वेगवेगळी उभी.

ठाणे स्लो
धागा व्हीबीस्क्रिप्टवर होता, आता मराठी भाषा गौरव दिन सुरू झालाय.

भिजकी वही
तुम्हाला इंग्रजीतच फायली येतात म्हणून सुचतंय हे. माझ्यासाठी मुद्दा हाच आहे. आमच्याकडे अजून जुन्या फॉन्टात टाईप केलेली पुस्तकं येतात, दिसायला मराठी आणि आत इंग्रजी अक्षरं, शोधलं तर सापडत नाही. तुमच्या सुरक्षेच्या गप्पा नंतर.

रूटवाला
लिनक्स टाका. विषय संपला.

कळफलक
आलात? पेन ड्राईव्ह चालत नाही असं वर लिहिलंय ते वाचलंत का?

आंबट वरण
मूळ मुद्द्यावर येतो. मी मॅकवाला. अ‍ॅपलने २०१९ लाच मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीच्या वेळी लिहून टाकलं की पायथन, रुबी, पर्ल फक्त जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलंय, पुढे मिळेलच असं नाही. नंतरच्या मॉन्टेरे आवृत्तीत पीएचपी गेलं, २०२२ मधे तिच्याच १२.३ ला पायथन २.७ गेलं. मी पण तेव्हा चिक्कार शिव्या दिल्या. पण खरं सांगू, आत होतं ते कसलं होतं? पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला होता, मॅकमधे त्यानंतर दोन वर्षं तेच. बदललं तर कुणाचं तरी जुनं मोडतं म्हणून हात लावायचा नाही, आणि आम्ही सुडो (सगळे हक्क देणारा हुकूम) मारून त्यातच नवीन पॅकेजेस कोंबायचो आणि सिस्टिमची वाट लावायचो. सिस्टिमसोबत आलेली भाषा म्हणजे लोणच्याची बरणी, जशी घातली तशी राहणार. बाकी १९९३ ची अ‍ॅपलस्क्रिप्ट अजून जिवंत आहे, तिला कुणी हात लावत नाही, का ते अ‍ॅपलच जाणे.

कळफलक
मला लोणचंच हवंय हो. २०११ ची फाईल आज चालते ती त्यामुळेच. तुमच्या ताज्या भाज्या दर वर्षी बदलतात.

ठाणे स्लो
चालते, पण तुम्ही आहात तोवर. आमच्या एका क्लायंटकडे असाच एक हुशार माणूस होता, निवृत्त झाला. त्याची स्क्रिप्ट दर महिन्याच्या १ तारखेला पगाराची फाईल बनवायची. एका १ तारखेला बनवली नाही. उघडून बघतो तर आत सर्व्हरचा पासवर्ड उघडा लिहिलेला, आणि व्हेरिएबलची नावं ए, बी, बी२, सुमन. सुमन कोण ते अजून कळलं नाही.

पेन्सिलटोक
सुमन म्हणजे बेरीज असेल हो, सम एन!

ठाणे स्लो
...हे तीन वर्षांत कुणाला सुचलं नाही.

कळफलक
पासवर्डचं मान्य. माझ्याही फाईलमधे होता, आत्ता जाऊन काढला. तेवढंच मान्य. एक सांगा, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायची स्वतःची स्क्रिप्ट, ती एसएलएमजीआर, सिस्टिम३२ मधली, ती कशात लिहिलीय? व्हीबीएसमधे! आधी स्वतःचं अंगण झाडा म्हणावं. आणि आमच्या एक्सेल मॅक्रोत व्हीबीस्क्रिप्टचं रेगएक्स (मजकुरात पॅटर्न शोधायचं) आहे, डिक्शनरी (नावावरून किंमत काढायची यादी) आहे, ते सगळं मरणार.

ठाणे स्लो
रेगएक्स व्हीबीस्क्रिप्टच्या डीएलएलमधे (विंडोजच्या कोडच्या फाईलमधे) आहे, जुन्या ऑफिसात त्याला धोका आहे. डिक्शनरी वेगळ्या डीएलएलमधे, ती राहील. निदान रडायचं ते नीट माहिती घेऊन रडा. एसएलएमजीआरबद्दल काही बोलत नाही.

कळफलक
बोलूच नका.

ठाणे स्लो
स्क्रिप्ट पाठवा, शाखांची नावं पुसून. पॉवरशेलमधे करून देतो, एकदाच. तुमच्या आयटीवाल्याला तिच्यावर डिजिटल सही करायला सांगा, सही केलेल्या स्क्रिप्टला परवानगी द्यायची सोय पॉलिसीत असते.

कळफलक
आमचा आयटीवाला मंगळवारी येतो.

भिजकी वही
बॉम लावून सेव्ह केलं, पुन्हा चालवली. २१० पैकी २०९ झाल्या. एकीच्या नावात लेखकाने प्रश्नचिन्ह घाला म्हणून सांगितलंय आणि विंडोज नको म्हणतं. काळ्या खिडकीत 'प्रस्तावना' अजून मोडलेलीच दिसते, फोल्डरमधे मात्र बरोबर आहे.