इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय कोण : १९६५ चे बिल्लू सेठी की १९९१ चे अली शेर?

जुनी कात्रणे (प्रश्न)

नमस्कार. वडिलांनी जमवलेली क्रीडापानांची कात्रणे मी सध्या वर्षांनुसार लावतो आहे. त्यांत क्रिकेट आणि हॉकीचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. गोल्फची जेमतेम आठ-दहा कात्रणे असतील, आणि नेमक्या त्यांतल्याच दोनांपाशी मी अडलो आहे. एकात, १९९१ साली दिल्लीत इंडियन ओपन जिंकलेल्या अली शेर यांना ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय म्हटले आहे. दुसऱ्या, बऱ्याच नंतरच्या लेखात तोच मान १९६५ च्या बिल्लू सेठी यांना दिला आहे. वडिलांनी दोन्ही कात्रणे एकाच पाकिटात ठेवून वर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढले आहे. म्हणजे शंका त्यांनाही आली होती.

माझे प्रश्न दोन आहेत. या दोघांपैकी पहिला कोणाला म्हणावे? आणि सेठी यांचा विजय धरायचा, तर आपल्याच देशात भरणाऱ्या स्पर्धेत पुढचा भारतीय विजेता मिळायला सव्वीस वर्षे का लागावीत? मला या खेळातले फारसे कळत नाही, त्यामुळे कोणी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

तळटीप (उत्तर)

आपल्या पहिल्या कात्रणात बहुधा एक शब्द गळला आहे, आणि तो शब्द आहे 'व्यावसायिक'. प्रेम गोपाल उर्फ बिल्लू सेठी यांनी १९६५ मध्ये रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानावर ही स्पर्धा जिंकली, तेव्हा ते हौशी खेळाडू होते. अली शेर यांनी १९९१ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर जिंकली ती व्यावसायिक म्हणून. म्हणजे पहिले भारतीय विजेते सेठी आणि पहिले भारतीय व्यावसायिक विजेते अली शेर. सेठी यांच्यानंतर आजतागायत कोणत्याही देशाच्या हौशी खेळाडूला ही स्पर्धा जिंकता आलेली नाही.

'ओपन' या शब्दाचा अर्थही इथेच सांगणे बरे. हौशी आणि व्यावसायिक अशा दोघांनाही खुली, म्हणून ती ओपन. मात्र हौशी खेळाडूने करंडक घ्यायचा आणि बक्षिसाच्या रकमेला हात लावायचा नाही, असा नियम. त्यामुळे त्या काळात सेठी यांच्यासारख्या सुस्थित क्लब-सदस्याने जिंकणे आणि ज्याची चूलच या खेळावर पेटते त्याने जिंकणे, या दोन वेगळ्या घटना मानल्या जात. १९९१ मध्ये लिहिणाऱ्याला सेठी ठाऊक नसतील असे नाही. त्याने ते धरले नसावेत.

हावडा मेल

सव्वीस वर्षांचे उत्तर स्पर्धेच्या जन्मापासूनच शोधावे लागते.

ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकणारे ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन हे या स्पर्धेमागची मुख्य प्रेरणा होते. ऑस्ट्रेलियातून ब्रिटनकडे जाणाऱ्या खेळाडूंच्या वाटेवर आशियात स्पर्धांची एक साखळी असावी, हा त्यांचा आग्रह. १९५९ मध्ये सुरू झालेल्या हाँगकाँग ओपनच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. भारतीय गोल्फ संघटनेला त्यांनी राजी केले आणि १९६४ मध्ये दिल्लीत पहिली इंडियन ओपन झाली. ती जिंकलीही त्यांनीच; पुढे १९६६ आणि १९७६ मध्ये पुन्हा. १९७० पासून ही स्पर्धा आशियाई सर्किटचा भाग झाली, म्हणजे एकाच हंगामात खेळाडूंचा तांडा देशोदेशी फिरत भारतातही येऊ लागला. जपानचे केंजी होसोइशी, फिलिपिन्सचे बेन आर्दा, ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम मार्श ही साठ-सत्तरच्या दशकांतल्या विजेत्यांची नावे. १९८१ मध्ये दिल्लीत जिंकलेला अमेरिकेचा पेन स्ट्युअर्ट तेव्हा नवखा होता. पुढे त्याने यूएस ओपन दोनदा जिंकली.

आता या तांड्यासमोर आपल्याकडून उभे कोण राहत होते, ते पाहावे. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. पण तिथे खेळण्यासाठी सदस्यत्व लागे. सदस्य असलेल्या हौशी खेळाडूंकडे मैदान, उत्तम क्लब (म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या) आणि वेळ सगळे होते. व्यावसायिक मात्र बहुतेक सगळे कॅडींमधून आलेले, म्हणजे ज्याने लहानपणी दुसऱ्याची बॅग वाहिली, चेंडू शोधून दिले आणि कोणीतरी टाकून दिलेल्या एखाद्या आयर्नवर (लोखंडी डोक्याच्या क्लबवर) हात बसवला असा मुलगा. हे लोक खेळात कमी होते असे मी अजिबात म्हणणार नाही. आठवडाभर सदस्यांना शिकवून आणि त्यांच्याबरोबर फेऱ्या मारून पोट भरायचे, वर्षातून एकदा मोठी स्पर्धा खेळायची, आणि समोरचा मात्र गेले दोन महिने दर आठवड्याला स्पर्धाच खेळत आलेला, असा तो सामना होता. चार दिवसांत बहात्तर होल (चेंडू ज्यात घालायचा ते भोक आणि तिथवरची वाट) खेळायचे असतात. एखादी फेरी कोणाचीही रंगते, सलग चार फेऱ्या टिकून राहणे सरावानेच जमते.

अली शेर हे दिल्ली गोल्फ क्लबचेच कॅडी. १९९३ मध्ये तिथेच त्यांनी ही स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकली. १९९८ मध्ये कलकत्त्याचे फिरोज अली जिंकले, तेही कॅडी होते. त्यानंतर १९९९ मध्ये अर्जुन अटवाल, २००० मध्ये ज्योती रंधावा आणि २००२ मध्ये लखनौचे विजय कुमार. ही रांग लागली तोवर देशांतर्गत व्यावसायिक स्पर्धा वाढल्या होत्या आणि १९९८ पासून इंडियन ओपन नव्या आशियाई टूरमध्ये (टूर म्हणजे व्यावसायिक स्पर्धांची वर्षभराची मालिका) गेली होती, त्यामुळे आपली मुलेही आता त्याच तांड्यातून वर्षभर फिरत होती. अटवाल तर २०१० मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूरवर जिंकणारे पहिले भारतीय ठरले.

निवृत्त दिल्लीकर

वरील विवेचन मला मान्य आहे. फक्त त्यात मैदानाची भर घालतो, कारण दिल्ली गोल्फ क्लबची लोदी मैदानाची वाट पायाखालून गेल्याशिवाय अली शेर यांचे यश पुरते उमगत नाही.

नोकरीनिमित्त मी अनेक वर्षे दिल्लीत होतो आणि प्रेक्षक म्हणून तिथे जात असे. फेअरवे, म्हणजे होलकडे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे, इतके अरुंद की दोन्ही बाजूंची बाभळीची (तिकडे कीकर म्हणतात) झुडपे जणू खांद्याला लागतात. चेंडू पाच पावले वाकडा गेला की तो काट्यांत, आणि काट्यांत गेलेला चेंडू सापडला तरी हात मागे न्यायला जागा नसते; खेळाडू गुडघे टेकून, क्लब उलटा धरून चेंडू कसाबसा बाहेर ढकलताना मी पाहिले आहेत. माझ्या चपलेच्या तळव्यातून एकदा काटा आरपार आला, तेव्हापासून मी बूट घालून जाऊ लागलो. मधूनच एखादा मुघलकालीन घुमट दिसतो आणि मोर निवांतपणे ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) ओलांडून जातो. लांब फटका मारणारे परदेशी इथे ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) बॅगेतच ठेवतात आणि आयर्नने बेताने खेळतात. ज्याने दहा-पंधरा वर्षे याच वाटांवर दुसऱ्यांचे चेंडू शोधले, त्याला कुठे चेंडू पडला तर चालतो हे सांगावे लागत नाही.

या मैदानाचा मोठा लाभ एसएसपी चौरासिया यांना झाला. त्यांचे वडील रॉयल कलकत्ताच्या मैदानावर हिरवळीची निगा राखत. मुलगा स्वतःच शिकला. चेंडू फार लांब मारत नाही, पण ग्रीनजवळचे चिप (उचलून मारलेले छोटे फटके) आणि पट (चेंडू होलकडे घरंगळत नेणारे फटके) असे की सहकाऱ्यांनी त्याचे नाव 'चिपपटसिया' पाडले. २०१५ च्या शेवटच्या दिवशी मी तिथेच होतो. सकाळी चौरासिया अनिर्बन लाहिरी यांच्यापेक्षा सात फटक्यांनी पुढे होते (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो), म्हणून माझ्या सोबत्याने जेवणासाठी घर गाठले. दुपारपर्यंत ती आघाडी पार वितळली, दोघे बरोबरीत आले आणि प्ले-ऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी मारून (त्या होलसाठी ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन) लाहिरी जिंकले. सोबत्याने त्यानंतर माझ्याबरोबर येणेच सोडले. पुढची दोन्ही वर्षे मात्र चौरासिया यांचीच: २०१६ मध्ये दिल्लीत दोन फटक्यांनी आणि २०१७ मध्ये गुरुग्रामला सात फटक्यांनी. मराठी वाचकांसाठी एवढे जोडतो की लाहिरी यांचा जन्म पुण्याचा, वडील सैन्यदलात डॉक्टर.

जुनी कात्रणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाकिटावरच्या प्रश्नचिन्हाचे उत्तर मिळाले. आणखी एक विचारतो. विजेत्यांच्या यादीत मी जीव मिल्खा सिंग यांचे नाव शोधत होतो, ते का नाही? आणि एकूण किती भारतीयांनी ही स्पर्धा जिंकली?

तळटीप

जीव यांनी युरोपात, जपानमध्ये आणि आशियात अनेक स्पर्धा जिंकल्या, पण इंडियन ओपन त्यांना कधीच लाभली नाही. घरची स्पर्धा कधीकधी अशी हुलकावणी देते. भारतीय विजेते एकूण नऊ आणि विजय तेरा: सेठी, अली शेर (दोनदा), फिरोज अली, अटवाल, रंधावा (२०००, २००६, २००७), विजय कुमार, २००९ चे बंगळुरूचे सी. मुनियप्पा, लाहिरी आणि चौरासिया (दोनदा). तीन विजयांचा विक्रम थॉमसन आणि रंधावा यांच्यात वाटलेला आहे.

हावडा मेल

यादी अचूक आहे. पण ती २०१७ लाच थांबते, याकडे लक्ष वेधतो. २०१५ पासून युरोपीय टूर या स्पर्धेत भागीदार झाली आणि २०१७ मध्ये स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफच्या, दक्षिण आफ्रिकेचे गोल्फपटू गॅरी प्लेयर यांनी आखलेल्या मैदानावर गेली. बक्षिसाची रक्कम २०१५ मधल्या १५ लाख डॉलरवरून २०२४ मध्ये २२.५ लाख डॉलरवर पोचली. मैदान मात्र अगदी वेगळ्या स्वभावाचे आहे: उंचसखल ग्रीन, खोल बंकर (वाळूचे खड्डे) आणि जिथे तिथे दंड. २०१९ मध्ये स्टीफन गॅलाकर यांनी शेवटच्या फेरीत सातव्या होलवर चारच्या जागी आठ फटके घेतले आणि तरीही ते एका फटक्याने जिंकले, यावरून बाकीच्यांचे काय झाले असेल ते ओळखावे. करोनामुळे २०२० ते २०२२ स्पर्धा झालीच नाही.

निवृत्त दिल्लीकर

माझे मत थोडे वेगळे आहे. मैदानाला दोष देऊन चालणार नाही, कारण २०१७ चा सात फटक्यांचा विजय त्याच मैदानावरचा आहे. २०२४ मध्ये जपानचा केइटा नाकाजिमा जिंकला तेव्हा संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर वीर अहलावत होता, आणि तो गुरुग्रामचाच. मला खटकते ते निराळेच. २०२३ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती युरोपीय टूर आणि आपली देशांतर्गत टूर यांच्या भागीदारीत; आशियाई टूर त्यात राहिली नाही. तैवान, थायलंड, कोरियाचे खेळाडू ज्या साखळीतून इथे येत, ज्या साखळीतून ढाक्याच्या मैदानावर चेंडू वेचणारा सिद्दिकुर रहमान २०१३ मध्ये दिल्लीत येऊन लाहिरी आणि चौरासिया यांना एका फटक्याने मागे टाकून गेला, ती कडी निखळली. २०२५ पर्यंतचे नंतरचे विजेते जर्मनी, जपान आणि स्पेनचे आहेत, आणि त्यांतला जपानचा नाकाजिमाही युरोपीय टूरवरूनच आलेला आहे.