यमकाचे खेळ : तुमच्या गावचे अनुभव लिहा

खान्देशात यमक कवितेपुरतं कधीच नव्हतं, ते कामाला जुंपलेलं असायचं. तुमच्याकडे काय खेळायचे, नेमकं काय म्हणायचे ते लिहा. 'गेले ते दिवस' छापाचे उसासे नकोत.

जळगावची माहेरवाशीण : आमच्याकडे भुलाबाई, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. घरोघरी गाणी म्हणायची, पण खरी ओढ खाऊ ओळखण्याची. घरची बाई बंद डबा कानाशी हलवून दाखवायची. खुळखुळ वाजला तर फुटाणे, धप्प झालं तर शिरा. मग आमचा मारा सुरू : "गोल गोल वाटोळा, रव्याचा गोळा?" नाही म्हटलं की पुढचं यमक तिथल्या तिथे जुळवायचं. जुळलं नाही तर बाकीच्या पोरी खिदळायच्या. काही बाया मुद्दाम डब्यात फडकं कोंबायच्या, आवाजच येऊ नये म्हणून. लबाड!

अमळनेरहून : माझ्या लग्नात नणंदा दार अडवून उभ्या. "नाव ले, मंग घरमा ये!" पाठ केलेला उखाणा ऐनवेळी पार विसरले. मग सुचलं ते ठोकून दिलं :
तापीच्या काठाला केळीची बाग,
...रावांचं नाव घेते, नणंदबाई, सोडा राग.
नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून काढायचं नाही, उखाण्यात मात्र चालतं. सासूबाई तर रेशन दुकानातही नाव सांगायच्या नाहीत, मलाच पुढे करायच्या.

धुळेकर : पोरांचंही येऊ द्या की! विटीदांडूत दांडूनं अंतर मोजताना "वकट, लेंड, मूंड, नाल..." ज्या शब्दावर मोजणी थांबेल त्याप्रमाणे विटी कधी पायावरून, कधी मुठीवरून, कधी डोळ्यावरून टोलवायची. आम्हाला वाटायचं, हे आमच्याच गल्लीचं. पुढे कामावर एक तेलुगू सोबती भेटला, तो एक ते चार मोजायला लागला : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मी थक्क! तापीपर्यंत हे आकडे कोण घेऊन आलं असेल?

रावेरकर : यमक निघालं की कुणीतरी बहिणाबाईंना आणणारच, तर मीच आणतो. असोद्याच्या (१८८०–१९५१), लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या सुचायच्या त्या काम करता करता, उतरवून घेतल्या घरच्यांनी. वही नसेल तर यमकच ओळ धरून ठेवतं.

जळगावची माहेरवाशीण : @धुळेकर, 'आर' आणि 'वेद' विसरलात. तेलुगूत सहा म्हणजे आरु, सात म्हणजे एडु. आणि विटीदांडू मुलीही खेळायच्या बरं का!