प्रवासात अवचित भेटलेली वाचनालयं : तुमचे अनुभव लिहा

प्रवासाच्या यादीत देवळं, किल्ले, संग्रहालयं असतात, वाचनालय क्वचितच. पण परगावी सहज आत डोकावलात आणि मग पाय निघेना, असं एखादं नव्या बांधणीचं सार्वजनिक वाचनालय तुम्हाला भेटलं असेल, तर सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

हेलसिंकीत संसदेच्या समोरच लाकडाने मढवलेली एक लांबलचक इमारत दिसली. थंडी मी म्हणत होती, म्हणून आत शिरले. ते 'ओडी' होतं, फिनलंडच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त बांधलेलं, डिसेंबर २०१८ मध्ये खुलं झालेलं. भार पोलादी कमानींनी पेललाय, त्यामुळे तळमजला कसा मोकळाढाकळा. मधल्या मजल्यावर थ्रीडी प्रिंटर, गाणं रेकॉर्ड करायच्या खोल्या आणि चक्क शिलाई मशिनं! एक आजोबा पडद्याला टीप मारत होते. बॉबिनचा दोरा संपला तेव्हा शेजारच्या मुलीने ती भरून दिली. आत यायला ना तिकीट, ना ओळखपत्र. पुस्तकं सगळ्यात वर, भरपूर उजेडात. कपाटं बुटकी, म्हणून नजर पार पलीकडपर्यंत जाते. टोकाला जमीन चढत जाते, तिथे पोरं लोळत होती. शहरातली इतकी मोक्याची जागा वाचणाऱ्यांना दिलेली पाहून फार भरून आलं.

*

ताई, तुमचं वाचून डेन्मार्कमधलं ऑर्हूस आठवलं. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. तिथे बंदरावर २०१५ साली मोठं वाचनालय झालंय. आत एक भलीमोठी नळीसारखी घंटा टांगलेली आहे. इस्पितळात बाळ जन्मलं की आईबाबा तिथून बटण दाबतात आणि इकडे ती घंटा वाजते. मी बसले असताना वाजली. समोरच्या बाईंनी पुस्तकातून मान वर केली, माझ्याकडे बघून हसल्या. भाषा येत नव्हती, तरी कळलं.

*

चेन्नई, कोट्टूरपुरम. अण्णा शताब्दी वाचनालय, २०१० चं. मी स्पर्धा परीक्षेची तयारी पुण्यात केली, अभ्यासिकेच्या खुर्चीला दरमहा पैसे मोजून. इथे स्वतःची पुस्तकं आणून वाचायला वेगळं दालन आहे. मुलं सकाळीच डबा घेऊन येतात. ब्रेल विभागही आहे. २०११ मध्ये सरकारने इथे मुलांचं रुग्णालय करायचं ठरवलं होतं. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली आणि वाचनालय टिकलं. लोकांनी वाचनालयासाठी भांडावं, ही केवढी मोठी गोष्ट! असं आपल्या प्रत्येक जिल्ह्यात हवं.

*

पणजीला जाणाऱ्यांनी पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय चुकवू नका. संस्था १८३२ ची, इमारत मात्र अलीकडची. सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र लिहिणाऱ्या कृष्णदास शामांचं नाव तिला दिलंय. किनाऱ्याची एक संध्याकाळ इथे द्यावी.

*

सिएटलचं मध्यवर्ती वाचनालय (२००४) काचेचं आणि तिरकंतिरकं. बाहेरून मला तितकंसं भावलं नाही, पण आतली पुस्तकांची मांडणी अफलातून आहे. विषयवार पुस्तकं चार मजले सलग चढत जाणाऱ्या उतारावर लावलीत, विषयक्रमांक जमिनीवरच लिहिलेत. मध्ये पायरी नाही. बाबांना व्हीलचेअरवरून नेलं होतं. लिफ्टने वर गेलो आणि इतिहासापासून उलटे खाली येत राहिलो.