क्लासची वेळ आणि मुलांच्या हातातली चावी : गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-१०२ वहिनी : नमस्कार. रस्ता सुरक्षेचा बॅनर गेटवर लावूया असं सेक्रेटरी काकांनी सुचवलंय. जरूर लावा. पण त्याआधी एक बोलायचंय, कुणी राग मानू नये. संध्याकाळी क्लासच्या वेळेला आपल्याच गेटमधून नववी-दहावीची मुलं स्कूटर घेऊन बाहेर पडतात. काल दोघं होती. मागच्याच्या मांडीवर दोन्ही दप्तरं आणि हेल्मेट पुढच्याच्या पायांपाशी. वरून पाऊस, फर्मागुढीचा उतार, समोरून ट्रक. मला बघवलं नाही.

बी-३०१ काका : वहिनी, मुलं इथल्या इथे जातात. खरा त्रास रेंट-अ-बाईकवाल्यांचा. मंगेशी, म्हार्दोळला येणारे पर्यटक बघा, एका हातात मोबाईल, त्यावर नकाशा आणि गाडी चालू. आधी त्यांना आवरायला हवं.

ए-१०२ वहिनी : त्यांचं चुकतंच काका. पण आपली मुलं त्याच रस्त्यावर त्यांच्या समोरून जातात. पर्यटकांना आवरायला आपण जाऊ शकत नाही, घरातली चावी मात्र आपल्याच खुंटीवर असते.

ए-३०३ दादा : सोळा पूर्ण झाली की लायसन मिळतं ना?

सेक्रेटरी : मिळतं, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटर ११०-१२५ च्या आहेत. त्यांना अठरा पूर्णच लागतात.

बी-१०१ मावशी : आमच्या नातवाला बॅटरीवाली घेतली. हिला लायसन लागत नाही असं दुकानदार म्हणाला होता.

सेक्रेटरी : मावशी, मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तरच लागत नाही. तुमच्या गाडीला नंबरप्लेट आहे का? असेल तर लायसन लागणारच.

बी-१०१ मावशी : आहे नंबरप्लेट. चावी कपाटात ठेवते. त्याला मी समजावीन.

सेक्रेटरी : आणखी एक सगळ्यांनी नीट वाचा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९ए आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. अपघातात दुसरं कुणी जखमी झालं तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, ते वेगळंच.

बी-३०१ काका : एवढं आहे हे माहीत नव्हतं.

सी-२०४ डॉक्टर ताई : कायदा बाजूला ठेवून मी माझं सांगते. हेल्मेट म्हणजे तालांव, म्हणजे पोलिसांचा दंड, चुकवायची वस्तू असं आपल्याकडे झालंय. पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस गेला की आरशाला. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलं नव्हतं आणि त्यात १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेले म्हणजे कोण? आपल्या बायका, आया, मुलं. चालवणाऱ्याने घातलेलं असतं, मागची मात्र साडीचा पदर सावरत उघड्या डोक्याने.

चांगल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. पण पट्टा लावला असेल तरच. पट्टा सुटा असेल तर आपटण्याआधीच हेल्मेट उडून जातं. घरी आत्ता करून बघा. पट्टा लावा आणि मागून हाताने हेल्मेट पुढे ढकला. डोक्यातून निघालं तर ते मोठं होतंय, मुलाच्या डोक्यावर बाबांचं हेल्मेट तसंच निघतं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. आतला फोम मार खाऊन दबतो, बाहेरून काही दिसत नाही.

ए-१०२ वहिनी : ताई, चार वर्षांखालच्यांचं काय? सकाळी कितीजण पोराला पुढे उभं करून नेतात.

सी-२०४ डॉक्टर ताई : त्यांच्यासाठी २०२२ चा नियम आहे. लहान मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा आणि वेग ४० च्या आत. पुढे उभं केलेलं मूल ब्रेक लागला की थेट हँडलवर आपटतं.

ए-३०३ दादा : रात्रीचं पण सांगा कुणी. पावसाळ्यात गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात, काळी म्हैस तर अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी १६-१७ मीटर जाते. ब्रेकवर बोट पोचायच्या आधीच. ४० ला ११ मीटर. माझे मित्र मला हळू चालवतो म्हणून हसतात, हसू देत.

बी-३०१ काका : शाबास. बाणस्तारी पुलावर ऑगस्ट २०२३ मध्ये अपघातात तिघं गेली, ती रात्र आठवली की अजून अंगावर काटा येतो. त्या पुलावरून आपण पणजीला रोज जातो. एक विचारतो ताई, कुणी पडलेलं दिसलं तर लोक नुसते उभे राहतात. पोलिसांचं झंझट मागे लागेल असं वाटतं.

सी-२०४ डॉक्टर ताई : ते भय आता काढून टाका काका. कलम १३४ए आहे. मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही येत नाही, नाव-गाव सांगायची सक्ती नाही. १०८ ला फोन करा आणि ठिकाण नेमकं सांगा, जवळचं देऊळ, दुकान, पूल. पाणी पाजू नका. हेल्मेट ओढून काढू नका, मानेला मार असेल तर तेच जिवावर बेतू शकतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. डोक्याचा मोठा मार असला की इथून बांबोळीला, मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्यावं लागतं. वाटेत जाणारा वेळ आपण थांबवू शकत नाही, निदान सुरुवातीची दहा मिनिटं बघ्यांच्या गर्दीत जाऊ नयेत.

सेक्रेटरी : बॅनरवर हेच लिहूया. १०८, पट्टा आणि अठरा वर्षं. 'सुरक्षित राहा' वगैरे नको, ते कुणी वाचत नाही. मुलांना गेटवर अडवायला वॉचमनला सांगू का?

ए-१०२ वहिनी : कृपा करून नको. त्याने कुणाच्या मुलाला अडवलं तर बोलणी तोच खाईल. हे काम आई-बापांचं. मी क्लासच्या सरांना विचारते, अठराखालचा कुणी गाडी घेऊन आला तर घरी फोन करतील का. पण मुलांची जाण्या-येण्याची सोय आपण केली पाहिजे, नाहीतर चार दिवसांनी चावी पुन्हा बाहेर येईल. आता चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, फळं-पानं आणायला ट्रिपलसीट सुरू होईल ते वेगळं.

बी-१०१ मावशी : नातवाबरोबर त्याच क्लासला आपले आणखी तिघं आहेत.

बी-३०१ काका : मग सोमवार, बुधवार माझी गाडी. चौघं बसतात. मागच्यांनीही बेल्ट लावायचा, हे घरूनच सांगून पाठवा, माझ्या गाडीत त्याशिवाय चालणार नाही. शुक्रवारचं कोण बघतंय?

ए-३०३ दादा : शुक्रवारी मी सोडेन. आणायला मात्र कुणीतरी पाहिजे, माझी शिफ्ट असते.

ए-१०२ वहिनी : आणायला मी जाईन. सोमवारी सव्वापाचला चौघांना गेटपाशी उभं करते काका. देव बरें करूं.